ओढणारा हलका, ओझे जड

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर वजनकाटा ही काही अनोळखी वस्तू नाही. अंगणवाडीच्या आढ्याला टांगलेला काटा, त्याला अडकवलेली झोळी आणि झोळीत टाहो फोडणारे पोर हे दृश्य इथल्या प्रत्येक आईने पाहिलेले असते. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, आणि त्यानंतर या भागातल्या मुलांच्या वजनाचा हिशेब कागदोपत्री तरी बारकाईने होऊ लागला. पोर शंभर-दोनशे ग्रॅमने घटले तर त्याची नोंद होते, वर कळवले जाते, कोणीतरी चौकशीला येते. रेशनच्या दुकानात काटा आहे, भात खरेदीच्या केंद्रावर काटा आहे. पण हेच पोर आईच्या मांडीवर बसून ज्या टेंपोतून, जीपमधून किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून घाट उतरते, त्या गाडीचे वजन शेवटचे कधी केले होते, असे विचारून पाहा. विचारणाऱ्याकडेच लोक नवलाने बघतील.

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. मुकणे संस्थानिकांनी राजवाड्याला जागा निवडली ती हवा पाहून, असे म्हणतात ते खोटे नसावे. उन्हाळ्यात मुंबई-ठाण्याची मंडळी ‘ठाण्याचे महाबळेश्वर’ म्हणून इथे येत. जिल्हा २०१४ साली पालघर झाला, तरी ते बिरुद काही सुटलेले नाही. पण उंचीवरच्या गावाला थंड हवेबरोबर दुसरीही एक गोष्ट मिळते, ती म्हणजे उतार. गावात येणारे सिमेंट, खडी, धान्य, गॅसची नळकांडी, विटा सारे चढून यावे लागते आणि जाणारे सारे उतरून जावे लागते. विक्रमगडमार्गे मनोरला जा, मोखाड्यावरून तोरंगण घाटाने त्र्यंबकेश्वरला जा, की खोडाळ्याहून विहीगावमार्गे कसारा गाठा, वळण आणि उतार चुकत नाहीत. अशा मुलखात गाडीचे वजन हा केवळ आर.टी.ओ.च्या दंडाचा विषय असू शकत नाही. माझ्या मते तो पाण्याइतका आणि दवाखान्याइतकाच घरगुती विषय आहे.

थोडा हिशेब करून पाहू. वीस टनांचा भरलेला ट्रक जव्हारहून निघून समुद्रसपाटीजवळच्या मनोरला पोहोचतो, तेव्हा तो साधारण चारशे मीटर खाली आलेला असतो. एवढे वजन एवढ्या उंचीवरून खाली आणताना जी शक्ती मोकळी होते, ती जवळजवळ अडीचशे लिटर गार पाणी उकळायला पुरेल एवढी असते. काही भाग वाऱ्याच्या आणि रस्त्याच्या विरोधात खर्च होतो, काही चढ मध्ये पुन्हा येतात, काही भाग इंजिन अडवून धरते. उरलेली सारी उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये आणि लायनिंगमध्ये जिरवावी लागते. आता त्याच ट्रकमध्ये पाच टन माल जास्त भरा. उष्णता सव्वापट झाली. ड्रम मात्र तेवढेच राहिले. ड्रम एका मर्यादेपलीकडे तापला की लायनिंगची पकड सुटू लागते. चालक पाय दाबतो, पेडल खाली जाते आणि गाडी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘ब्रेक निकामी झाल्याने’ असे छापून येते. वास्तविक ब्रेक आदल्या दिवशीही ठीक होते आणि गार झाल्यावर पुन्हा ठीक होतील. निकामी झाला तो भरतानाचा हिशेब.

त्यात डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल मारण्याची खोड. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याच्या नवले पुलाजवळ एका भरधाव मालवाहू गाडीने सुमारे ४८ वाहनांना धडका दिल्या. चालकाने उतारावर इंजिनच बंद केले होते, असे तेव्हा तपासात पुढे आल्याचे प्रसिद्ध झाले. ४ जुलै २०२३ रोजी धुळे जिल्ह्यात पळासनेरजवळ ब्रेक न लागलेला कंटेनर वाहनांना ठोकरत थेट हॉटेलात घुसला आणि दहा माणसे गेली. जुने चालक सांगत, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. ही शिकवण आजही तंतोतंत खरी आहे. शिवाय गंमत अशी, की आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलेटरवरून पाय काढला, की इंजिनाला डिझेल जाणेच बंद होते. म्हणजे न्यूट्रल मारून वाचत तर काही नाहीच, उलट इंजिनाची अडवणूक हातची जाते. इंजिन बंदच केले तर ब्रेकला लागणारी हवा भरणेही थांबते आणि स्टिअरिंग दगडासारखे जड होते.

पण ट्रकची गोष्ट निदान सर्वांना ठाऊक आहे. ज्या गोष्टीबद्दल कोणी बोलत नाही, ती ट्रॅक्टरच्या मागच्या टँकरची.

मोखाड्यात पाऊस किती पडतो हे पावसाळ्यात येऊन पाहावे. आणि मार्च-एप्रिलनंतर पाड्यांवर पाणी कसे येते, तेही पाहावे. याच तालुक्यात मध्य वैतरणाचे धरण उभे राहिले आणि २०१४ पासून मुंबईच्या कामी आले. मुंबईचे पाणी नळातून जाते, त्याचे ओझे रस्त्यावर पडत नाही. धरणाच्या आजूबाजूच्या पाड्यांचे पाणी मात्र टँकरने येते आणि त्याचे ओझे चढ-उतारांवर, अरुंद मोऱ्यांवर आणि एखाद्या तरुण चालकाच्या उजव्या पायावर पडते. असो.

पाण्याचे वजन करायला काटा लागत नाही, हे पाचवीतले पोरही सांगेल. एक लिटर म्हणजे एक किलो. पाच हजार लिटरचा टँकर म्हणजे पाच टन पाणी. लोखंडी टाकी, सांगाडा, चाके यांचे टनभर धरा. ओढणारा पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर स्वतः भरतो जेमतेम दोन टन. म्हणजे ओढणारा दोन टनांचा आणि ओढले जाणारे सहा टनांचे. सपाट शेतात, ताशी आठ-दहा किलोमीटरच्या वेगाने हे चालते. ट्रॅक्टरची ताकद त्यासाठीच आहे. पण ताकद चढण्यासाठी लागते. उतरताना लागते ती थांबवण्याची कुवत, आणि ती ताकदीबरोबर आपोआप येत नाही. ट्रॅक्टरचे ब्रेक बहुधा फक्त मागच्या दोन चाकांना असतात. तेही डाव्या-उजव्या चाकाचे वेगळे, कारण नांगरताना एका चाकावर वळायचे असते. रस्त्यावर येताना ही दोन पेडले खिटीने एकत्र जोडायची असतात. हे किती जण करतात, हे कोणत्याही बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला उभे राहून बघता येईल. खिटी न लावता घाबरून एकाच पेडलवर पाय पडला, तर ट्रॅक्टर थांबण्याऐवजी गर्रकन वळतो. मागच्या ट्रॉलीला तर अनेकदा स्वतःचे ब्रेकच नसतात. उतारावर ट्रॅक्टर ब्रेक लावतो, मागचे सहा टन त्याला ढकलतच राहतात, आणि वळणावर हे ढकलणे सरळ रेषेत न होता तिरके होते. मग ट्रॅक्टर-ट्रॉली कात्रीसारखी दुमडते. ज्याने हे एकदा पाहिले आहे त्याला ‘ओव्हरलोड’ या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

आणखी एक गोष्ट उलटी वाटेल, पण आहे. अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्या टँकरहून वाईट. पूर्ण भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागा नसते. अर्ध्या टाकीत मात्र ब्रेक लावला की सारे पाणी पुढे धावते, वळणावर बाहेरच्या बाजूला चढते आणि गाडी सावरते न सावरते तोच परत येऊन आदळते. टाकीच्या आत आडवे पत्रे बसवले तर हे धावणे बरेच मोडते. एका पाड्यावर निम्मे पाणी ओतून दुसऱ्या पाड्याकडे निघालेला टँकर म्हणूनच अधिक सांभाळून हाकायला हवा. वजन निम्मे झाले म्हणून चालक निश्चिंत होतो आणि नेमकी तीच वेळ धोक्याची असते.

वजन किती, एवढ्यावर भागत नाही. ते कुठे ठेवले आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा, आणि हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झाला तर मानेवर भार येऊन बैल वाकतात. गाडीवान चाकांच्या आसावर अंदाज घेऊन पोती रचायचा, थोडा भार पुढे ठेवायचा, आणि चढ-उतार बघून स्वतःही पुढे-मागे सरकून बसायचा. दोन चाकी ट्रॉलीचे गणित हेच आहे. माल मागे गेला तर ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरचा मागचा भाग वर उचलते, आणि ट्रॅक्टरची सारी पकड तर मागच्याच चाकांत. माल फारच पुढे आला तर मागची चाके दबतात, पुढची हलकी होतात आणि चढावर ट्रॅक्टर घोड्यासारखा पुढून उचलला जातो. बैल गेले, ट्रॅक्टर आला आणि गाडीवानाचे हे शहाणपण मधल्या मध्ये कुठेतरी सांडले, असे मला नेहमी वाटते.

गर्दीच्या काळ्या-पिवळ्या जीपला मागे लोंबकळणारे चौघे हा त्याच गणिताचा दुसरा नमुना. चौघांचे मिळून अडीचशे किलो धरू. मागच्या आसाच्या मीटरभर मागे ते उभे असतील आणि दोन आसांमध्ये अडीच मीटरचे अंतर असेल, तर पुढच्या चाकांवरचा शंभर किलो भार ते उचलून घेतात आणि मागच्या चाकांवर साडेतीनशे किलोंचा घालतात. ‘स्टिअरिंग हलके लागते’ असे चालक कौतुकाने सांगतो! ते हलके लागते कारण पुढची चाके जमिनीला नीट टेकलेली नसतात. त्यातच टपावर पोती आणि पोत्यांवर माणसे, म्हणजे वळणावर कलंडण्याची तयारी पूर्ण.

हा विचार अमेरिकेत कुटुंबे सहलीला निघताना करतात, हे ऐकून काहींना हसू येईल. तिकडे पिकअप गाडीच्या मागे राहते घर जोडून, त्यात स्वयंपाकघर, पलंग, न्हाणीघर सारे घेऊन सुटीला जाण्याची रीत आहे. गाडीच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी चिकटवलेली असते आणि माणसे व सामान मिळून इतक्यापेक्षा जास्त नको, हे तिच्यावर छापलेले असते. चाकांवरच्या या घराच्या वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार गाडीच्या आकड्यावर यावा असा तिकडचा संकेत. त्याहून कमी आला तर मागचे घर महामार्गावर शेपटीसारखे डुलू लागते आणि गाडीला घेऊन उलटते. जास्त आला तर गाडीचे पुढचे टोक उचलले जाते. तीन टनांच्या घराचे तीनशे ते साडेचारशे किलो आकड्यावर आले, की ते गाडीच्याच वहनक्षमतेतून वजा होतात, आणि बायको, मुले, कुत्रा, बर्फाची पेटी यांना उरते ती उरलेली जागा. म्हणून चोख माणसे सहलीच्या आधी ट्रकांच्या काट्यावर जाऊन वजन करून घेतात. बहुतेक राज्यांत ठराविक वजनापुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे कायद्यानेच सक्तीचे आहे. आपल्याकडे असल्या फिरत्या घराची अजून नवलाईच आहे. पण मागे काहीतरी जोडून ओढण्याचा उद्योग महाराष्ट्राइतका क्वचितच कुठे चालत असेल. उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्यांची रेल्वे पश्चिम महाराष्ट्रातल्या कोणत्याही रस्त्यावर दिसते. तिकडे ज्याला सहलीची हौस म्हणतात, तो आपला रोजगार आहे. मग काळजी त्यांनी करायची आणि आपण हसायचे, हे काही बरोबर नाही.

खरे तर काट्याशी आपले नाते जुने आणि कडवट आहे. साखर कारखान्यांच्या दारातली ‘काटामारी’ हा शब्द मराठी शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. त्यावर आंदोलने झाली, मोर्चे निघाले, खासगी काट्यावर वजन करून आणण्याच्या हक्कासाठी भांडणे झाली. ते सारे योग्यच होते. पण त्यामुळे काटा म्हणजे पैशाची भानगड, अशी आपली समजूत घट्ट झाली. टनामागे किती मिळाले, एवढ्यासाठीच आपण काट्याकडे बघतो. त्याच काट्यावर तेच वजन ब्रेकच्या, टायरच्या आणि मागच्या ट्रॉलीत बसलेल्या लेकराबाळांच्या दृष्टीने वाचता येते, हे मनातच येत नाही.

आणि ते वाचणे अवघड मुळीच नाही. साध्या भुईकाट्यावर ट्रॅक्टरची नुसती पुढची चाके चढवा आणि आकडा लिहा. मग पूर्ण ट्रॅक्टर काट्यावर घ्या, ट्रॉली जोडलेलीच पण काट्याबाहेर ठेवून. तिसऱ्या खेपेस सारे एकत्र. शेवटी ट्रॉली सोडवून एकटा ट्रॅक्टर. दुसऱ्यातून चौथा वजा केला की आकड्यावर किती भार येतो ते कळते, आणि तिसऱ्यातून दुसरा वजा केला की ट्रॉलीच्या चाकांवर किती आहे ते. पुढच्या चाकांचा आकडा ट्रॉली जोडल्यावर फार घटत असेल, तर माल मागे सरकवायचा किंवा कमी करायचा. पाव तासाचे काम. ट्रकचेही तसेच. एकूण वजन मर्यादेत असून मागचा एकटा आस मर्यादेबाहेर, असे पुष्कळदा होते, कारण माल फळीला टेकवून मागे रचलेला असतो. ट्रकच्या केबिनवर बाहेरून रिकामे वजन, भरलेले वजन आणि मालाचे वजन रंगाने लिहिलेले असते. ‘हॉर्न ओके प्लीज’ आपण सगळे वाचतो. हे तीन आकडे वाचणारा अजून मला भेटायचा आहे.

कायदा नाही, असेही नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ११३ वे कलम वजनाची मर्यादा घालते. ११४ वे कलम अधिकाऱ्याला संशय आल्यास मालवाहू गाडी किंवा ट्रेलर काट्यावर नेऊन वजन करवण्याचा आणि जादा माल उतरवण्याचा अधिकार देते. मात्र तो काटा पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरच्या आत किंवा गाडी जिथे पोहोचायची त्या ठिकाणापासून वीस किलोमीटरच्या आत असला पाहिजे. काटा तेवढ्या अंतरात असेल तर कायदा जागा, नसेल तर झोपलेला! डोंगरी तालुक्यांत या एका अटीचा अर्थ काय होतो, हे नकाशा पुढे घेऊन बघावे. पूर्वी काही राज्ये जादा वजनासाठी महिन्याचे पासच देत असत. पैसे भरा आणि खुशाल भरून चाला! २००५ साली परमजित भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार बेकायदा ठरवला; दंड भरला म्हणून जादा माल घेऊन पुढे जाता येणार नाही, असे बजावले. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यातला दंड २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार असा केला आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही, हे कलमातच लिहिले. वजन करायला नकार दिला तर ४० हजार. दंड चालवणाऱ्याला आहे तसाच चालवायला लावणाऱ्यालाही आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

याच्या थोडे आधी, २०१८ मध्ये, केंद्र सरकारने मर्यादाच वाढवून टाकली. दोन आसांचा ट्रक १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेला, तीन आसांचा २५ वरून २८.५ वर. वाहतुकीचा खर्च कमी व्हावा हा हेतू समजण्यासारखा आहे. पण राजपत्रात आकडा बदलल्याने जुन्या गाडीचे ब्रेक रातोरात मोठे होत नाहीत, आणि १९९०च्या दशकात बांधलेल्या मोऱ्याही रुंद होत नाहीत. एवढ्यापुरता मी त्या निर्णयाच्या विरोधात आहे, आणि घाटाखालच्या कोणालाही याबाबत मत विचारले गेले असेल असे वाटत नाही.

आता सर्वांत नाजूक भागाकडे. दिवाळी उलटली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवरून वारली, कोकणा, कातकरी, ठाकर कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात. भिवंडी, वसई, कल्याण, वाडा या बाजूंना. शेठची उचल घेतलेली असते, त्याचीच गाडी न्यायला येते. गाडीत गोधड्या, हंडे, तांदूळ-नागलीची पोती, कोंबड्या, कधी शेळी, आणि या सगळ्यावर माणसे. पावसाआधी हाच ताफा उलट दिशेने येतो. ही गाडी प्रवाशांची नसते, मालाची असते. माणसांना धरायला दांडा नाही आणि वळणावर सामान सरकले की माणूसही सरकतो. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यात हळदीच्या कामाला निघालेल्या शेतमजूर बायकांची ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत कोसळून सात जणी मेल्या. १ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशात कानपूर जिल्ह्यातल्या घाटमपूर भागात देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली तळ्यात उलटली आणि २६ जण गेले, त्यांत बहुतेक बायका-मुले. या दोन्ही वेळी वजन मर्यादेबाहेर होते असे मी म्हणत नाही. म्हणणे एवढेच, की मालाच्या गाडीत बसलेला माणूस मालाच्याच नियमाने पडतो.

आणि मेल्यावरही तो मालच ठरतो. डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की मालवाहू गाडीतून नुसता प्रवास करणाऱ्याची भरपाई देण्याचे बंधन विमा कंपनीवर नाही. १९९४ च्या दुरुस्तीने सूट मिळाली ती गाडीतल्या मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना. आता भट्टीवर निघालेल्या बाईची गोधडी आणि दोन हंडे हा ‘माल’ आणि ती त्याची ‘मालक’ ठरते की नाही, हे ठरवायला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. उचल फेडण्यासाठी निघालेल्या घरातून ते कोण करणार?

यावर एक उत्तर नेहमी मिळते. वजनाची सक्ती केली तर मरेल तो गरीब चालकच. टँकरवाल्याला फेरीवर पैसे, त्याने कमी भरले तर फेऱ्या वाढतील, पाड्यावर पाणी उशिरा पोहोचेल. टेंपोवाल्याने दोन कुटुंबे खाली ठेवली तर ती कशाने जातील? हा आक्षेप खोटा नाही आणि शहरात बसून तो झटकून टाकणे सोपे आहे. पण नीट पाहिले तर तो वजनाच्या विरोधातला नाही, दराच्या विरोधातला आहे. पाण्याचे कंत्राट देताना ट्रॅक्टरच्या कुवतीएवढीच टाकी आणि तिला स्वतःचे ब्रेक, ही अट घालून दर त्याप्रमाणे वाढवून द्यायला काय हरकत आहे? जास्तीचे पैसे जातील, हे कबूल. सरकारी तिजोरीतून ते जाणे मला चालकाच्या छातीवरून ट्रॉली जाण्यापेक्षा स्वस्त वाटते. खडी आणि विटा यांच्या बाबतीत तर कायद्याने वाट दाखवलेलीच आहे. चालवायला लावणारा दोषी आहे, तर वजनाची चिठ्ठी खाणीच्या किंवा भट्टीच्या दारात फाडली जावी आणि दंड तिथेच पडावा. घाटात अडवलेल्या पगारी पोरावर नव्हे.

भट्टीच्या माणसांसाठी एस.टी. आहे. जव्हारला तिचे आगार आहे. यात्रेला, आषाढीला, गणपतीला जादा गाड्या सुटतात. कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांसाठी तर शेकड्यांनी सुटतात. चाकरमान्याला मत आहे आणि आवाज आहे, भट्टीवाल्याला नुसते मत आहे. दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात आणि मे अखेरीस पाड्यांवरून भिवंडी-वसईकडे ठरवून गाड्या सोडल्या, भाडे उचल देणाऱ्याकडून घेतले आणि सामानासाठी एक वेगळा टेंपो लावला, तर निदान माणसे पोत्यांवरून खाली उतरतील. कोण कोठे गेला याची यादीही त्यानिमित्ताने होईल; ती अंगणवाडीलाही लागते आणि शाळेलाही.

आणि काटा. घाटमाथ्यावर, जव्हारच्या वेशीवर, सरकारी किंवा बाजार समितीचा एक भुईकाटा असावा आणि त्यावर पहिले वजन फुकट असावे. वैधमापनवाल्यांनी तो दरवर्षी तपासून शिक्का मारावा, म्हणजे काटामारीची शंका नको. आरंभीचे वर्षभर तिथे दंडाचे पुस्तक नेऊच नये, चालकाच्या हातात फक्त चिठ्ठी द्यावी. पुढच्या चाकांवर इतके, मागच्या चाकांवर इतके, ट्रॉलीवर इतके. दंडाच्या भीतीने जो काटा चुकवून आडरस्त्याने जातो, तो स्वतःच्या टायरचे पैसे वाचतात हे कळल्यावर आपण होऊन येईल. निदान तरुण ट्रॅक्टरवाले येतील, कारण कर्ज काढून घेतलेल्या गाडीवर त्यांचा जीव असतो. तिथेच भिंतीला ब्रेकच्या दोन पेडलांचे आणि खिटीचे एक मोठे चित्र लावावे. ते वारली शैलीत काढून घेतले तरी चालेल, कलावंत जवळच आहेत.

पहिल्या वर्षी त्या काट्यावर सर्वांत आधी पाण्याचे टँकर यावेत, मार्च उजाडण्यापूर्वी. भरून एकदा आणि अर्धे ओतून एकदा.